वजन घटविण्यासाठी गोठवलेला डबा की घरचे साधे जेवण?

वजन कमी करू इच्छिणाऱ्यांसाठी अमेरिकेतील खाद्य उद्योगाने चार दशकांपूर्वी एक सोपा उपाय बाजारात आणला. मोजून भरलेले, शिजवून गोठवलेले आणि वेष्टनावर कॅलरींचा आकडा छापलेले तयार जेवण, हा तो उपाय होय. पोषणाचे आकडे जुळले, की अन्न कारखान्यात तयार झाले किंवा स्वयंपाकघरात, याने फरक पडत नाही, हे त्यामागील गृहीतक होते. ऑगस्ट 2025 मध्ये 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश संशोधनाने या गृहीतकावरच प्रश्नचिन्ह उमटविले आहे.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी 55 प्रौढांची यासाठी निवड केली. प्रत्येकाने आठ आठवडे अल्प प्रक्रिया केलेले अन्न आणि आठ आठवडे अतिप्रक्रियायुक्त अन्न घ्यावे, अशी योजना होती. दोन्ही आहार ब्रिटिश सरकारच्या पोषणविषयक शिफारशींना धरून होते आणि हवे तितके खाण्याची मुभा होती. पहिल्या आहारावर सहभागींचे वजन सरासरी 2.06 टक्क्यांनी, तर दुसऱ्या आहारावर 1.05 टक्क्यांनी घटले. म्हणजे 'आरोग्यदायी' तयार अन्नानेही वजन उतरले, परंतु निम्मेच. विशेष म्हणजे दोन्ही प्रकारचे जेवण सहभागींना घरपोच दिले जात होते. त्यामुळे हा फरक स्वतः स्वयंपाक करण्याच्या श्रमांमुळे नव्हे, तर अन्नाच्या स्वरूपामुळे पडला, असे मानावे लागते.

या डब्यांचा इतिहास उद्बोधक आहे. अमेरिकेत 1953 मध्ये 'स्वॉन्सन' कंपनीने ॲल्युमिनियमच्या तबकातील गोठवलेले जेवण विक्रीस आणले. तेव्हा उद्देश सोयीचा होता, वजनाचा नव्हता. पुढे 1978 मध्ये 'हाइन्झ' कंपनीने 'वेट वॉचर्स' ही वजन नियंत्रणाचे मार्गदर्शन करणारी संस्था विकत घेतली आणि 1981 मध्ये 'नेस्ले' समूहातील 'स्टाउफर्स'ने 300 पेक्षा कमी कॅलरींची 'लीन क्विझीन' ही मालिका सुरू केली. सोयीला आता आरोग्याची जोड मिळाली. मात्र 1976 ते 1980 या काळात अमेरिकेतील सुमारे 15 टक्के प्रौढ स्थूल होते. 2021 ते 2023 या काळातील पाहणीत हे प्रमाण 40.3 टक्क्यांवर पोहोचले. ही वाढ या डब्यांमुळे झाली, असे म्हणता येणार नाही. परंतु त्यांनी ती रोखली नाही, हेही स्पष्ट आहे. मे 2025 मध्ये 'वेट वॉचर्स'ने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. त्यापूर्वीच, 2024 मध्ये, 'नेस्ले'ने वजन घटविणारी नवी औषधे घेणाऱ्यांसाठी गोठवलेल्या जेवणाची वेगळी मालिका जाहीर केली होती.

आकडे समान असूनही परिणाम भिन्न का होतो, याचा काहीसा उलगडा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या 2019 मधील प्रयोगातून होतो. केव्हिन हॉल यांच्या नेतृत्वाखाली 20 जणांना चार आठवडे संस्थेच्या रुग्णालयात ठेवण्यात आले. समोर मांडलेल्या दोन्ही आहारांतील साखर, चरबी, तंतू आणि मीठ यांचे प्रमाण सारखे ठेवूनही अतिप्रक्रियायुक्त आहारावर माणसे दिवसाला सुमारे 500 कॅलरी अधिक खात होती. दोन आठवड्यांत त्यांचे वजन 0.9 किलोने वाढले. दुसऱ्या आहारावर तितकेच घटले. हे अन्न मऊ आणि कमी चावावे लागणारे असल्याने ते भरभर खाल्ले जाते आणि पोट भरल्याची जाणीव होण्याआधीच अधिक कॅलरी पोटात जातात, असे एक स्पष्टीकरण दिले जाते.

तथापि, डब्याची एक बाजू मान्य करावी लागेल. त्यात माप ठरलेले असते. किती खाल्ले याचा अंदाज बांधताना बहुतेकांची चूक होते. डबा ती चूक होऊ देत नाही. मर्यादा इतकीच, की तो एका वेळच्या जेवणाचे माप ठरवितो, त्यानंतर लागणाऱ्या भुकेचे नाही. शिवाय गोठविणे हा स्वतः दोष नव्हे. गोठवलेला मटार हा मटारच असतो.

भारतीय वाचकांसाठी यातील बोध थोडा वेगळा आहे. घरचे जेवण म्हणजे हलके जेवण, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात आपल्याकडे धान्यांतून 50 ते 70 टक्के ऊर्जा मिळते. हा वाटा 45 टक्क्यांपर्यंत असावा, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. 2,000 कॅलरींच्या आहारात 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी, 400 ग्रॅम भाज्या आणि तेल-तूप मिळून 27 ग्रॅम, असे तिचे प्रमाण आहे. या हिशेबाने चौघा प्रौढांच्या कुटुंबाला महिन्याला साधारण साडेतीन लिटर तेल-तूप पुरावयास हवे. ज्या घरात पाच-सहा लिटर संपते, तेथे भाकरी, वरण आणि पालेभाजीचे ताटही वजन उतरविणार नाही.

प्रश्न वेळेचाही आहे. 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष 88 मिनिटे. 'घरचे खा' हा सल्ला देताना ते कोण रांधणार, हे बहुधा सांगितले जात नाही. नोकरीहून रात्री आठला परतणारी स्त्री तयार जेवणाचे पाकीट उघडते, तेव्हा तो आळस नसतो. उपलब्ध वेळेत काढलेला मार्ग असतो.

म्हणूनच निवड डबा की स्वयंपाकघर, इतकी सरळ नाही. डब्याकडून माप घ्यावे आणि अन्न घरचे ठेवावे, हा मार्ग अधिक व्यवहार्य दिसतो. एकदाच अधिक वरण किंवा उसळ शिजवून वाटे करून गोठवून ठेवणे, तेल चमच्याने मोजून घालणे आणि भात वाटीने वाढून घेणे, यासाठी कोणत्याही महागड्या मालिकेची गरज नाही. मात्र हा साधा स्वयंपाक टिकायचा असेल, तर त्याचे श्रम घरातील सर्वांनी वाटून घ्यावे लागतील. अन्यथा मोजमाप कितीही अचूक असले, तरी थकलेल्या घरात अखेर पाकीटच उघडले जाईल.