अर्धे वचन: मराठवाड्याला प्रशिक्षण मिळाले, नोकरीचे काय? #धागा

१/ "मुलांकडे कौशल्य नाही, म्हणून नोकरी नाही." लातूर-नांदेडकडच्या रोजगार मेळाव्यांत हे वाक्य हमखास ऐकू येते. ते सोयीचे आहे, कारण सारा दोष बेरोजगाराच्याच पदरी पडतो. गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो.

२/ मराठवाडा महाराष्ट्रात बिनशर्त आला, असे अभिमानाने सांगितले जाते. तरीही १९५३ च्या नागपूर करारात लेखी आश्वासने होती: शासकीय सेवांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा आणि व्यावसायिक शिक्षणसंस्थांत पुरेशा जागा.

३/ पुढे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने हे वचन थेट राज्यघटनेत शिरले. अनुच्छेद ३७१(२) बहुतेकांना विकास मंडळांपुरताच ठाऊक असतो. त्याचा शेवटचा उपखंड अधिक महत्त्वाचा आहे. तंत्रशिक्षण व व्यावसायिक प्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी आणि राज्य शासनाच्या सेवांत नोकरीच्या पुरेशा संधी, या दोन्ही गोष्टी तेथे एकाच वाक्यात आहेत. घटनाकर्त्यांनी ही जोडी फोडली नव्हती. ती पुढे राज्यकर्त्यांनी फोडली.

४/ मात्र राष्ट्रपती ही जबाबदारी राज्यपालांवर आदेशाद्वारे सोपवू 'शकतील', असे घटनेचे शब्द आहेत. या एका 'शकतील'ने अडतीस वर्षे खाल्ली. आदेश निघाला तो थेट १९९४ मध्ये.

५/ दरम्यान १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आला. त्यानुसार शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे. आणि करारात तशी अट नसेल, तर शिकवून झाल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. सक्ती केली असती तर कारखानदारांनी शिकाऊ घेतलेच नसते, हा युक्तिवाद खोटा नाही. पण मराठवाड्याला वचन कारखानदाराने दिले नव्हते. ते राज्यसंस्थेने दिले होते.

६/ १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन याच पार्श्वभूमीवर पेटले. ते विद्यार्थ्यांनी उभे केले, आणि त्यांच्या मागण्यांत नोकऱ्या अग्रभागी होत्या. वसमतच्या गोळीबारात विद्यार्थी बळी पडले. गोविंदभाई श्रॉफांसारख्या मुक्तिसंग्रामातील नेत्याला स्वतंत्र भारतात पुन्हा हक्कांच्या लढ्याचे नेतृत्व करावे लागले, हे पुरेसे बोलके आहे.

७/ हे राज्य रोजगाराची हमी देऊच शकत नाही काय? दिलेली आहे! १९७२ च्या दुष्काळातून आकारास आलेली रोजगार हमी योजना १९७७ मध्ये कायद्यात उतरली आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आली. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत ते मिळाले नाही, तर बेकारी भत्ता. त्यासाठी निधी उभा करण्याकरता १९७५ पासून व्यवसाय कर लावला गेला. तो आजही पगारपत्रकात दिसतो. परंतु ही हमी केवळ अंगमेहनतीच्या अकुशल कामासाठी होती. याचा अर्थ विलक्षण आहे. कुदळ हाती घेणाऱ्याला कायदेशीर हक्क मिळाला. वेल्डिंग शिकलेल्याला प्रमाणपत्र मिळाले.

८/ १९८४ च्या दांडेकर समितीने अनुशेष रुपयांत मांडला: रस्ते, सिंचन, आरोग्य, तांत्रिक शिक्षण इत्यादी. काम मोलाचेच होते. पण प्रशिक्षणाच्या सोयी हिशेबात आल्या आणि त्यांतून बाहेर पडणाऱ्याची नोकरी हिशेबाबाहेर राहिली. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. त्या दिवशी त्याची फारशी वाच्यताही झाली नाही. देश टाळेबंदीत होता.

९/ आता वर्तमान. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी उत्तीर्णास ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये मासिक विद्यावेतन. मुदत सहा महिने. ती पुढे अकरा महिन्यांवर गेली. शासकीय कार्यालयांत राबलेले प्रशिक्षणार्थी कायम करण्याची मागणी घेऊन रस्त्यावर आले, तेव्हा उत्तर मिळाले की हे प्रशिक्षण होते, नोकरी नव्हे. १९६१ च्या कायद्याचीच ही भाषा. फरक इतकाच की या वेळी मालकाच्या जागी स्वतः शासन उभे आहे.

१०/ ज्या लातूरने 'लातूर पॅटर्न'मधून परीक्षेच्या तयारीचे शास्त्र उभे केले, तेथील मुलांना शिकण्याचा कंटाळा आहे, असे कोण म्हणेल?

११/ लातूरजवळ हरंगुळ येथे मराठवाडा रेल्वे कोच कारखान्याची पायाभरणी ३१ मार्च २०१८ रोजी झाली. डब्याचा पहिला सांगाडा २५ डिसेंबर २०२० रोजी बाहेर पडला. अशा कारखान्याला वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन लागतात, आणि आयटीआयमध्ये हेच शिकवले जाते. तेव्हा पुढच्या मेळाव्यात किती जणांना प्रशिक्षण दिले, हा आकडा वाचून दाखवला जाईल, तेव्हा दुसराही आकडा मागावा: त्यांपैकी किती जण कायम नोकरीत आहेत?