ऐकणारीचं कोण ऐकणार?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. घाटकोपरच्या आमच्या केंद्रात एक बाई हातावरचा तापलेल्या उलथन्याचा डाग मला दाखवत होती आणि मी मनात हिशेब करत होते, आता निघाले तर मेट्रोने अंधेरी, तिथून बोरिवली लोकल मिळेल का. त्या दिवसातली ती सहावी केस. ती गेल्यावर हे ध्यानात आलं आणि मला माझीच भीती वाटली.

संस्थेत बोलून दाखवलं. (संस्थेचं नाव सांगत नाही, याबाबतीत ती इतरांहून वेगळीही नव्हती.) उत्तर मिळालं, "बायांचं दुःख बघ, मग आपलं सांग." खरं सांगायचं तर हेच उत्तर मीही नव्या मुलींना दिलेलं होतं. त्या वर्षी आमच्यातल्या दोघी काम सोडून गेल्या. 'टिकल्या नाहीत' असं आम्ही म्हटलं.

'बर्नआउट' हा शब्द आपण कंपन्यांतल्या साहेबलोकांचा समजतो. पण फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने 1974 मध्ये त्यावर लिहिलं, ते न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्या कार्यकर्त्यांना, आणि स्वतःलाही, पाहून. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हटलं. म्हणजे दोष बाईच्या मनात शोधण्याआधी कामाच्या रचनेत शोधायला हवा. व्यक्तिगत तेच राजकीय, हे आपण इतरांना शिकवतो ना!

आता रचना पाहा. मुंबईत 1984 मध्ये पोलिसांच्या आवारात 'टिस'चा विशेष कक्ष सुरू झाला, 2000 मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' आलं. पीडित बाईचं ऐकणं हे कसबाचं काम आहे, हे या प्रयोगांनी दाखवून दिलं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानंतर अहवाल, अर्ज, कोर्टाच्या तारखा वाढल्या. निधी देणारे मात्र मोजतात केसेसचा आकडा. रात्री अकराला आलेला फोन कोणत्याच रकान्यात बसत नाही. करार अकरा महिन्यांचा, आणि ताण घालवायला काय, तर वर्षातून एकदा लोणावळ्याला योगशिबिर!

ज्येष्ठ मैत्रिणी म्हणतात, "मथुरा प्रकरणानंतर आम्ही रस्त्यावर उतरलो तेव्हा कुठे घड्याळ पाहत होतो?" मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण त्यांच्याच तोंडून ऐकलंय, की बैठका एकमेकींच्या घरी व्हायच्या, तिथे भांडणं व्हायची, रडणंही व्हायचं. आम्हाला तो वेळ पगारी कामात धरून हवा आहे. महिन्यातून एकदा बाहेरच्या अनुभवी समुपदेशकाबरोबर बैठक, तिचा खर्च अंदाजपत्रकात, आणि केसेसना मर्यादा. अगदीच असह्य झालं तर 14416 ही सरकारची मोफत टेलिमानस सेवा 2022 पासून आहे, ती जरूर वापरा. तिने टेबलावरच्या फायली मात्र कमी होत नाहीत.

आताच्या केंद्रात मी दिवसाला तीनच नव्या बायांना वेळ देते. जिवाला धोका नसेल तर चौथीला दुसऱ्या दिवशी बोलावते. गेल्या महिन्यात अशी बोलावलेली एक आलीच नाही. तिच्या घरी फोन करणं तिलाच महागात पडेल, म्हणून केलेला नाही. मर्यादा घालून घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही, पण तिचं नाव अजून वहीत तसंच आहे.