सुट्या भागांवाचून अडलेली दुचाकी

पावसाळा ओसरला की गोव्यात गावोगावी जुन्या दुचाक्या अंगणात उघडून बसवल्या जातात. चार महिन्यांच्या खाऱ्या, दमट हवेने स्पोकांवर गंज चढलेला असतो, टाकीच्या तळाशी तांबूस गाळ साचलेला असतो आणि दसऱ्याला झेंडूची माळ घालण्यापूर्वी गाडी एकदाची चालती व्हावी, अशी मालकाची इच्छा असते. गाडी नवी असेल तर प्रश्न केवळ पैशांचा. ती जुनी राजदूत, येझदी वा आरएक्स १०० असेल, तर पैसे हाती असूनही प्रश्न उरतोच : लागणारा भाग आणावयाचा कोठून?

आमच्या प्रदेशाला हा प्रश्न नवा नाही. पोर्तुगीज अमदानीत युरोपीय बनावटीची वाहने येथे सुलभपणे येत. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, देशाचे आयातविषयक निर्बंध येथेही लागू झाले आणि त्या वाहनांचे सुटे भाग दुर्मिळ झाले. स्वदेशी वाहनांची स्थितीही फारशी बरी नव्हती. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा तो काळ. तेथे सुट्या भागांची काय कथा! जे मिळत नाही ते घडवावे, जे तुटले ते सांधावे, हे त्या टंचाईने शिकवले आणि त्यातूनच आमच्याकडील मेकॅनिकांची एक पिढी तयार झाली.

या पिढीच्या कसबाला ‘जुगाड’ म्हणून मोकळे होणे आम्हांस अन्यायाचे वाटते. हा शब्द अलीकडे व्याख्यानांतून फार कौतुकाने उच्चारला जातो. उच्चारणाऱ्यांपैकी कितीजणांनी ग्रीसने हात काळे केले आहेत, कोण जाणे. इंजिनाच्या बाजूच्या झाकणाचे गॅस्केट मिळत नसेल, तर जाड कागद त्या झाकणाच्या कडेवर धरून गोल तोंडाच्या लहान हातोडीने हलके ठोकीत जावे. कडेची धारच कागद कापते आणि नेमका आकार हाती येतो. सिलिंडर हेडला मात्र हा कागद चालत नाही. तेथील गॅस्केट तांब्याचे असेल आणि तेच पुन्हा वापरावयाचे असेल, तर ते लाल होईपर्यंत तापवून पाण्यात निववतात, कारण दाबाखाली कठीण झालेले तांबे तापवल्याने मऊ होते आणि बारीक फटी भरून काढते. हे धातुशास्त्रच होय. ते पुस्तकाऐवजी गुरूच्या हाताखाली शिकले गेले, इतकेच. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑईलही जळते, त्याची काजळी सायलेन्सरच्या आतल्या नळीत साचते आणि गाडीचा दम कोंडतो. इंजिनच संपले असे समजून मालक हबकतो. पुष्कळदा ती नळी काढून, जाळून, खरवडली की गाडी पुन्हा चढ चढू लागते. पॉइंटची तोंडे पॉलिश पेपरने घासून त्यांतील अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी अंतर फीलर गेजने बसवणे, हेही घरी जमण्यासारखे काम. पिस्टन झिजला, तर मात्र लेथवाल्याकडे जावे लागते. तेथे सिलिंडर बोअर करून पाव वा अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन बसवला जातो.

परंतु गरज भागते म्हणून काहीही चालते, हे आम्हांस मान्य नाही. क्लचच्या तारेला डाग देऊन बसवलेले निपल सुटले, तर गाडी फार तर रस्त्याच्या कडेला उभी राहील. पुढच्या ब्रेकच्या तारेचे निपल घाटाच्या उतारावर सुटले, तर काय होईल हे सांगावयास नको. उडालेल्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. फ्यूज उडतो तो वायरिंग जळू नये म्हणूनच, आणि पेट्रोलची टाकी त्या वायरिंगपासून वीतभर अंतरावर असते. आमच्या पायलट बांधवांची अडचण तर याहून बिकट. गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडाली. अशा वेळी योग्य भागाची वाट न पाहता ब्रेक कसाबसा सांधून रस्त्यावर उतरण्याचा मोह होतो, आणि त्या ब्रेकवर मागे बसलेल्या प्रवाशाचाही जीव अवलंबून असतो. म्हणूनच सुट्या भागांची टंचाई हा हौशी मंडळींपुरता विषय नव्हे, तो सार्वजनिक सुरक्षिततेचा विषय आहे.

आयडियल जावाचा म्हैसूर येथील कारखाना १९९६ साली बंद पडला. आरएक्स १०० चे उत्पादनही त्याच वर्षी थांबले. जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझदी हे २०२२ मध्ये बाजारात परतले खरे, पण नव्या इंजिनांचे भाग जुन्या गाडीला बसत नाहीत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली, तिच्या कक्षेत वाहनेही घेतली आणि डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. त्याच वर्षी एप्रिलपासून पंधरा वर्षांवरील दुचाकीच्या फेरनोंदणीचे शुल्क तीनशे रुपयांवरून एक हजारावर गेले होते. टू-स्ट्रोकच्या धुराचे समर्थन आम्ही करीत नाही. नवी गाडी घेण्याची ऐपत असलेल्याने ती अवश्य घ्यावी. पण ज्याची ती ऐपत नाही, त्याच्याकडून वाढीव शुल्क घ्यावयाचे आणि ब्रेक शू मिळण्याची हमी मात्र द्यावयाची नाही, हा न्याय कोणता?

उत्पादन थांबल्यानंतरही ब्रेक, चाके आणि हँडल यांचे भाग ठराविक वर्षे पुरवण्याचे बंधन कायद्याने उत्पादकांवर घालावे. बंद झालेल्या गाड्यांच्या भागांची मापे व आराखडे लेथवाल्यांना खुले करावेत. त्यात कोणाच्या धंद्याचे नुकसान नाही. आणि राज्य शासनाने दिल्लीकडे न पाहता करण्याजोगे एक काम आहे. म्हापसा, फोंडा, मडगाव येथील जुने मेकॅनिक आता थकत चालले आहेत आणि त्यांची विद्या कोठेही लिहून ठेवलेली नाही. आयटीआयमध्ये मानधन देऊन त्यांना आठवड्यातून एक दुपार शिकवण्यास बोलवावे. त्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही, ही सबब या कामी तरी पुढे करू नये.