री ओढणाऱ्यांची बाजू

मराठीत ‘री ओढणे’ हा वाक्प्रचार कोणी कौतुकाने वापरल्याचे आमच्या स्मरणात नाही. ‘तेच तुणतुणे वाजवणे’ याचीही तीच गत. जो मागे उभा राहून सूर धरतो, त्याला भाषेने लाचार तरी ठरवले आहे किंवा कंटाळवाणा तरी. शाहिराच्या मागे झीलकरी आणि तुणतुणेवाला नसेल तर गाणे उभे राहत नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या समाजाने असे वाक्प्रचार रूढ करावेत, याचे आम्हांला फार दिवस नवल वाटत असे. त्या नवलाची तक्रार झाली ती एका स्वस्त इलेक्ट्रिक बास गिटारमुळे.

ही गिटार खडकीतल्या आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीला टेकून असते. तिला चारच तारा. त्यामुळे ‘उरलेल्या दोन कुठे गेल्या?’ हा प्रश्न येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. मराठी वाचकाला खडकी म्हटले की ५ नोव्हेंबर १८१७ची लढाई आठवते. पुढे तेथे छावणी वसली, छावणीबरोबर बँड आणि चर्च आले, १८६९मध्ये दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. पेठांच्या सांस्कृतिक नकाशात शिवाजीनगरापलीकडच्या या वस्तीला फारशी जागा नाही. पण कारखान्याच्या गावात हे वाद्य आम्हांला परके वाटत नाही, कारण ते मुळातच कारखान्याचे अपत्य आहे.

लिओ फेंडर यांनी १९५१मध्ये बाजारात आणलेल्या ‘प्रिसिजन’ बासचे अंग भरीव लाकडाचे होते आणि नेक त्याला स्क्रूंनी जोडलेली होती. माणसाहून उंच, पोकळ डबल बास वाहून नेण्याचा त्रास त्यामुळे वाचला. फ्रेट असल्यामुळे स्वर नेमक्या जागी सापडू लागला. सुटे भाग वेगळे घडवून जोडायचे, ही युक्ती पुढे स्वस्ताईलाही उपकारक ठरली. १९८२पासून त्याच कंपनीने ‘स्क्वायर’ या नावाने कमी किमतीची वाद्ये काढली. महाग आणि स्वस्त बासमध्ये लाकूड, खुंट्या, कारागिरी यांचा फरक असतो. मात्र चुंबक आणि तारेचे वेटोळे यांच्यासमोर पोलादी तार थरथरली की वीज उमटते, हे तत्त्व दोन्हींत एकच.

स्वस्त वाद्याची आरती ओवाळण्याचा आमचा इरादा नाही. फ्रेटची टोके बोटाला लागतात, तारा नको तितक्या उंच असतात, पिकअप गुणगुणतो. पावसाळ्यात नेक वाकते, मग आतली सळई चावीने पाव फेरा फिरवावी लागते. परंतु हे दोष बव्हंशी दुरुस्त करता येतात, आणि ते करताना वाद्य कळत जाते. ‘हलके’ या शब्दात आपण वजन, किंमत आणि प्रतिष्ठा एकत्र कोंबतो. खांद्यावर तासभर पेलल्यावर निदान वजनापुरता तरी तो गैरसमज उरत नाही.

आता मूळ तक्रारीकडे. हार्मोनियमवर सा, ग, प हे शुद्ध स्वर एकत्र धरावेत. खाली बासने सा वाजवला तर ती संगती स्थिर, प्रसन्न वाटते. वरची बोटे तशीच ठेवून बासने मंद्र सप्तकातला शुद्ध ध घेतला, की तेच तीन स्वर उदास होतात. पाश्चात्त्य परिभाषेत मेजरचा मायनर सेव्हन्थ झाला. वरच्या ओळीतला एक शब्दही न बदलता अर्थ बदलला, आणि तो बदलला मागच्या माणसाने. झीलकऱ्याचा सूर उंच, बासचा खोल. परंतु गाण्याला उभे करण्याचे काम दोघांचेही. याला लाचारी म्हणायचे कसे?

या मागच्या माणसाचे नाव मात्र सहसा लिहिले जात नाही. जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर गायक, संगीतकार, गीतकार असत, वादक क्वचितच. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बास वाजवीत, हे शौकिनांना ठाऊक. गाणी गुणगुणणाऱ्या बाकीच्यांना नाही.

साहित्याच्या अभ्यासकांनी यावर हसू नये, कारण आपण वेगळे काही केलेले नाही. गी पॉइतव्हॅ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून चालवलेल्या कामात जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमल्या. पुष्कळशा ध्वनिमुद्रितही झाल्या. वर्गात आपण शिकवतो ती छापील ओवी. जात्याची घरघर, आणि ओळ उचलून घेणारी दुसरी बाई, ही ओवीची खालची तार असते. पाठ्यपुस्तकात ती गळते. मग आपण ओवीला ‘साधी’ म्हणतो.

आमच्या बासची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. तिच्या ध्वनीची लाट आठ मीटरांहून लांब. आमची खोली जेमतेम तीन मीटरांची. अॅम्पला न जोडता वाजवली तर शेजाऱ्याला ऐकूही जात नाही, जोडली तर भिंत अडवू शकत नाही. म्हणून आम्ही हेडफोन लावून वाजवतो आणि त्या एकांतात एवढे शिकतो की, सुरावटीच्या मागे स्वर-स्वर फरफटत जाणारा बास वाईट असतो. कोठे थांबायचे, कोणता स्वर खाली ठेवायचा, हे ज्याला निवडता येते तोच री ओढू शकतो. पुढच्या खेपेस कोणा लेखकाला ‘री ओढतो’ म्हणून हिणवण्याआधी त्याने खाली कोणता स्वर ठेवला आहे, तेवढे तरी ऐकून घ्यावे.