वृंदवादन परके कसे?

मे महिना उजाडला की कोलकात्यातील आम्हां महाराष्ट्रीय नोकरदारांच्या घरी दोनच विषय चघळले जातात : गावच्या गाडीची तिकिटे आणि मुलांच्या शिकवण्या. या सुटीत मुलांचा पंधरा दिवसांचा वृंदवादनाचा वर्ग काढावा, असे आम्ही चार स्नेह्यांपुढे सुचविले. तेव्हा ‘हे साहेबी खूळ आपल्याला कशाला?’ असे उत्तर मिळाले. आपले संगीत एकट्याच्या साधनेचे, वृंद परकीयांचा, हे या आक्षेपाचे सार. ते आम्हांला मुळीच मान्य नाही.

ज्या देवगिरीचे नाव आपण अभिमानाने घेतो, तेथेच यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. गायक, वंशीवादक व मृदंगवादक यांच्या वृंदांचे उत्तम, मध्यम, कनिष्ठ असे भेद त्यात सांगितले आहेत. अल्लाउद्दीनखाँसाहेब तर तरुणपणी याच शहरात शिकले. येथील गोवेकर बॅण्डमास्तर लोबो यांच्याकडून त्यांनी व्हायोलिन घेतले. पुढे १९१८ च्या साथीत पोरक्या झालेल्या मुलांच्या हाती वाद्ये देऊन त्यांनी ‘मैहर बॅण्ड’ उभा केला. रविशंकर व अली अकबर यांना घडविणारा गुरूही हाच! एकल साधना आणि वृंद यांचे वैर त्यांना दिसले नाही; ते आम्हांलाच कोठून दिसते?

बरे, परक्यांकडे पाहावे, तर त्यांनी तरी काय वेगळे केले? अमेरिकेत टँगलवूड येथे कूसेव्हित्स्की यांनी १९४० साली उन्हाळी संगीतकेंद्र काढले. बॉस्टनच्या वाद्यवृंदातील जाणत्या वादकांच्या सहवासात तरुण तेथे शिकू लागले. आमच्या बेहालातील ऑक्सफर्ड मिशनमध्ये फादर मॅथिसन यांनी गरीब मुलांना व्हायोलिन व चेलो शिकवून तंतुवाद्यांचा वृंद तयार केला. अनाथ मुलांस जे साधले, ते पगारदारांच्या मुलांस साधू नये काय?

रागाचा विस्तार लिहून ठेवता येत नाही, हे आम्हांला मान्य आहे. त्यासाठी वर्षाचे साडेअकरा महिने गुरूचेच. परंतु बदलीच्या हुकुमापुढे गुरू टिकतो कोठे? आमच्याच घरी कपाटावर एक व्हायोलिन धूळ खात आहे. नागपूरला सुरू झालेली तालीम दिल्लीला नव्या गुरूकडे पुन्हा ‘सा’पासून सुरू झाली आणि कोलकात्याला थांबली ती थांबलीच. ज्याला स्वरलिपी वाचता येते, शेजाऱ्याचे वादन ऐकून आपला हात आवरता येतो, तो मुलगा मात्र कोणत्याही गावी कोणत्याही वृंदात पहिल्या दिवशीच बसू शकतो. फिरस्त्या नोकरदाराच्या मुलाला याहून मोठी शिदोरी कोणती?

गणेशोत्सवात पुण्या-मुंबईचे गायक आणण्यासाठी आम्ही हौसेने वर्गणी देतो आणि आमची मुले मागच्या रांगेत जांभया देतात. एका मैफलीचा खर्च वाचवून दोन जाणते शिक्षक बोलवावेत. एक सतारीचा, एक व्हायोलिनचा. बंगाली शेजाऱ्यांची मुलेही घ्यावीत. जागा मंडळाची, जेवण घरोघरचे. पुढच्या उत्सवात पहिल्या दिवशी व्यासपीठावर ही मुले बसावीत आणि आम्ही वडीलधाऱ्यांनी खाली बसून ऐकावे. दोघे-तिघे बेसूर वाजवतील, वाजवोत. कपाटावरचे व्हायोलिन तेवढेही वाजत नाही.