अल्कोहोल काढलेली व्हाइट वाइन: चांगली की नुसतीच गोड, हे ओळखायचं कसं?

दारूचं कोणतंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केलं. त्याआधीच, 2021 मध्ये, युरोपीय संघाने अल्कोहोल काढलेल्या पेयालाही लेबलवर ‘वाइन’ म्हणायची मुभा दिली होती. पण बाटली उघडल्यावर अनेकांचा पहिला शेरा ठरलेला असतो: ‘हा तर द्राक्षाचा रस!’

खरंच रस आहे का?

नाही. आधी नेहमीसारखी वाइनच बनते, मग त्यातलं अल्कोहोल काढलं जातं. अल्कोहोल एरवी 78 अंशांना उकळतं, पण दाब खूप कमी केला की साधारण 30 अंशांच्या आसपासच त्याची वाफ होते. त्यामुळे वाइन शिजत नाही. दुसरी पद्धत रिव्हर्स ऑस्मोसिसची, म्हणजे घरच्या आरओ फिल्टरचंच तत्त्व. काही उत्पादक सुगंध आधी वेगळा काढून ठेवतात आणि शेवटी परत मिसळतात. तरी थोडा उडतोच.

मग चव कुठे बिघडते?

अल्कोहोल फक्त झिंग आणत नाही. वाइनचा भरीवपणा, किंचित गोडसर छटा, घशाला जाणवणारी ऊब त्याचीच. ते गेलं की आंबटपणा उघडा पडतो आणि तो झाकायला बहुतेक वेळा साखर किंवा द्राक्षरस घातला जातो. खरी गोम इथे आहे. लेबलवर 100 मिलीला 4 ग्रॅम साखर हा आकडा किरकोळ वाटतो. 750 मिलीच्या बाटलीत मात्र ती 30 ग्रॅम होते, म्हणजे सहा-सात चमचे. नेहमीच्या ‘ड्राय’ वाइनमध्ये लिटरमागे साखर सहसा 4 ग्रॅमच्या आत असते. ‘हेल्दी’ म्हणून बाटली घेणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

चव घेताना एक सोपी युक्ती आहे. पहिला घोट थंडगार असताना घ्यायचा, दुसरा दहा-पंधरा मिनिटांनी. थंडीत गोडी लपते. ग्लास थोडा निवळला की सरबत आहे की वाइन, ते कळतं. वासात लिंबू, हिरवं सफरचंद, फुलं जाणवली तर उत्तम. उकडलेल्या फळांचा किंवा मनुकांचा वास आला तर प्रक्रियेत उष्णता जास्त लागली असण्याची शक्यता असते. गिळल्यावर चव एकदम तुटते की थोडी रेंगाळते, हेही पाहावं. रीसलिंग, सोव्हिन्यॉं ब्लांकसारख्या मुळातच सुवासिक द्राक्षांच्या बाटल्या इथे बऱ्या ठरतात. हुबेहूब वाइनची अपेक्षा ठेवली तर मात्र निराशाच पदरी पडेल.

‘अल्कोहोल नाही’ म्हणजे शून्य?

नेहमीच नाही. युरोपात 0.5 टक्क्यापर्यंत अल्कोहोल उरलेलं चालतं. भारतातही अन्नसुरक्षा नियमांनुसार 0.5 टक्क्यापेक्षा जास्त अल्कोहोल असलेलं पेयच मद्य ठरतं. गर्भवती महिला, दारू सोडलेले लोक किंवा धार्मिक कारणाने न पिणारे यांनी ‘0.0’ लिहिलंय का, ते आधी पाहावं.