रस्त्याकडची भिंत जड हवी



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, लागण आणि खोडव्यावर लिहावे, घराच्या भिंतींवर कशाला, असे कोणी म्हणेल. पण नोंदीच्या निमित्ताने आम्ही वर्षभर आपल्या दारात येतो. उसाच्या बिलातून उभी राहिलेली नवी घरे पाहून समाधान वाटते. मात्र त्याच घरात बसून ओरडून बोलावे लागते तेव्हा चुटपुट लागते. म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या हंगामात एका सभासदांच्या नव्या बंगल्यावर गेलो होतो. बंगला डांबरी रस्त्याला लागून, फरशी चकचकीत. पण घरातले आजोबा मुक्कामाला जुन्या घरात! दहावीतली नातही पुस्तके घेऊन तिकडेच. विचारले तर आजोबा म्हणाले, "सायेब, तिकडं रातभर ट्रॅक्टर डोस्क्यावरनं जात्यात. हितं गाडी गेल्याली कळत बी न्हाई." जुने घर त्याच रस्त्यावर, शंभर पावलांवर. फरक होता तो भिंतीचा. जुनी भिंत दगडमातीची, दीड हात जाड. नवी साडेचार इंची.

हवेतला आवाज भिंतीला हलवतो आणि हललेली भिंत तोच आवाज आत देते. भिंत जितकी जड, तितकी ती कमी हलते. वजन दुप्पट केले तर आवाज साधारण ५ ते ६ डेसिबलने उतरतो. १० डेसिबल उतरला की कानाला तो निम्मा वाटतो. आता हिशेब पाहा. नऊ इंची पक्क्या विटेची भिंत चौरस मीटरला ४०० किलोच्या आसपास भरते, साडेचार इंची त्याच्या निम्मी. सहा इंची एएसी ब्लॉकची भिंत गिलावा सोडून जेमतेम १०० किलो. आणि आजोबांची दगडी भिंत हजार किलोच्या वर!

एएसी ब्लॉक वाईट, असे आमचे म्हणणे नाही. तो ऊन अडवतो, खांब-तुळयांवर भार कमी टाकतो, काम झटपट उरकतो. पण जे हलके ते आवाजाला वाट देते, हे ठेकेदार सांगत नाही. सिमेंटचे पोकळ ब्लॉक असतील तर दोन्ही अंगांना गिलावा हवाच. उघड्या ब्लॉकच्या छिद्रांतून आवाज सरळ आत येतो. आमचे स्पष्ट मत असे की, चारी भिंतींना खर्च करू नका, पण रस्त्याकडची एक भिंत नऊ इंची विटेची किंवा दगडाची घ्या. विटा दुप्पट लागतील, पण एकाच भिंतीला. मात्र जड भिंतीचा भार तुळईला आणि पायाला झेपला पाहिजे, म्हणून हे बांधकामाआधीच इंजिनिअरला सांगा.

भिंतीइतकेच महत्त्व फटीला. पाटाला खेकड्याने एक बीळ पाडले तर पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोहोचत नाही, हे आपणांस सांगायला नको. आवाजाचे तसेच. भिंत ५० डेसिबल अडवणारी असली आणि तिच्यात शंभरावा हिस्सा उघडा राहिला, तर सगळी मिळून २० डेसिबलच अडवते. म्हणून विटांचे सांधे पूर्ण भरून घ्या, भिंत वर तुळईला भिडते तिथली फट बुजवा, चौकटीभोवती पोकळी ठेवू नका. सरकत्या खिडकीपेक्षा रबराची पट्टी लावलेली, घट्ट मिटणारी झडप बरी.

खिडकी उघडली की भिंतीचा उपयोग संपला. तेव्हा झोपायच्या आणि अभ्यासाच्या खोल्यांच्या खिडक्या मागच्या अंगाला काढा. जिना, कोठी, न्हाणी रस्त्याकडे घ्या. भिंतीला आतून थर्माकोल चिकटवण्यात पैसे घालू नका. हलक्या वस्तूने बाहेरचा आवाज थांबत नाही. शेतीखात्याचा माणूस असूनही सांगतो, कुंपणाला झाडांची एक ओळ लावून आवाज फारसा अडत नाही. झाडे जरूर लावा, पण सावलीसाठी.

आता थोडे कटू. हा आवाज परका नाही, आपल्याच उसाचा आहे. गळीत हंगाम चालतो तेव्हाच, फेब्रुवारी-मार्चमध्ये, मुलांच्या बोर्डाच्या परीक्षा येतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ट्रॅक्टरवर मोठ्याने गाणी लावून गावातून जाणारा चालक तुमच्या-आमच्याच घरचा असतो. त्याला जागे राहायचे असते हे खरे, पण त्यासाठी अख्खे गाव जागे का राहावे? ऊस भरून गाडी निघताना "गावात टेप बंद ठेव" एवढे फडावरच सांगितले तर पैसा लागत नाही.

टेप बंद झाला तरी इंजिनाचा आवाज राहणारच, आणि घर काही पुनःपुन्हा बांधता येत नाही. पुढच्या खोडव्याला खत चुकले तर सुधारता येते. भिंत चुकली तर जन्मभर ऐकावी लागते. पाया खणण्याआधी एक रात्र हंगामात त्या जागेवर बाज टाकून झोपून पाहा आणि मग भिंत ठरवा.

— ऊस विकास अधिकारी